झीरो मशीन नको, ब्रश हवा

होळी झाली की नागपुरात कूलर बाहेर निघतात, त्यांच्या ताट्या बदलल्या जातात आणि माझा फोन वाजू लागतो. बेसा, मनीषनगर, नरेंद्रनगर, हुडकेश्वर, जयताळा, वर्धा रोडच्या पलीकडची नवी लेआऊट्स. पत्ते वेगवेगळे, मागणी एकच. ‘मॅडम, गाडी कधी आणता? आमच्या ब्रुनोला एकदा झीरो मारून द्या. खूप गरमी होऊन राहिली त्याला.’

मी कुत्र्यांच्या ग्रूमिंगची गाडी चालवते. मालवाहू व्हॅनच्या मागच्या भागात पाण्याची टाकी, टब, टेबल, ब्लोअर, इन्व्हर्टर आणि एसी, एवढाच पसारा. त्याआधी बरीच वर्षं जनावरांच्या एका दवाखान्यात मदतनीस होते, त्यामुळे कुत्रा हातात धरण्याची सवय आणि आजारी कुत्रा ओळखण्याची नजर तिथून आली. फोनवरच्या त्या मागणीमागे माया असते, हे मला कळतं. स्वतः कूलरसमोर बसलेल्या माणसाला अंगभर केस घेऊन हापणारा कुत्रा बघवत नाही. पण ब्रुनो जर गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, लॅब्रॅडॉर, हस्की किंवा पॉमेरेनियन असेल, तर माझं उत्तर ‘नाही’ असतं. आंघोळ घालीन, विंचरून मेलेले केस काढीन, नखं कापीन, कान पुसून देईन, पंजाच्या गाद्यांमधले केस छाटीन. पाठीवर मशीन लावणार नाही.

यावर काही जण फोन ठेवतात आणि दुसऱ्याला बोलावतात. तो येतो, थोड्या वेळात कुत्रा गुळगुळीत करून निघून जातो. घरचे खूश होतात, मुलं फोटो काढतात. त्रास नंतर सुरू होतो आणि तो कुत्र्याला एकट्याला भोगावा लागतो. म्हणून हे लिहिते आहे. आपल्यासारख्या तापणाऱ्या शहरात ग्रूमिंग हा कुत्र्याच्या आरोग्याचा भाग आहे. दारात येणाऱ्या ग्रूमरला पैसे द्यायचे ते कुत्रा नीट पाहून, त्याला काय हवं आणि काय नको हे सांगण्याचे. त्याच्या ‘नाही’ला आपण किंमत दिली पाहिजे.

आधी केसांचं पाहू. आपल्याला गरम झालं की अंगभर घाम येतो, वाऱ्याने तो सुकतो आणि कातडी गार पडते. म्हणून केस बारीक केले, सुती कपडा घातला की आपल्याला बरं वाटतं. कुत्र्याचं शरीर वेगळ्या रीतीने चालतं. गारव्यासाठी उपयोगी पडेल असा घाम त्याला पंजांच्या गाद्यांनाच येतो आणि तोही थोडा. बाकी सगळा भार श्वासावर. तोंड उघडून धापा टाकायच्या आणि जिभेवरचा, तोंडातला, नाकातला ओलावा वाफ होऊन जाऊ द्यायचा. पाठीचे केस उतरवल्याने ही धाप जराही सोपी होत नाही.

आता नागपूरच्या मे महिन्याचा हिशेब मांडा. निरोगी कुत्र्याच्या अंगातलं तापमान 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असतं, म्हणजे 39 सेल्सिअसच्या आसपास. आपल्याकडे नवतपाच्या सुमारास दुपारी पारा 45 च्या घरात असतो. 2013च्या मे महिन्यात तो 47.9 पर्यंत गेला होता. म्हणजे बाहेरची हवाच कुत्र्याच्या अंगापेक्षा गरम. अशा वेळी उष्णता अंगातून हवेत जात नाही, हवेतून अंगात शिरते. वर ऊन असेल तर विचारायलाच नको. त्या वेळी पाठीवरचे केस ही त्याची सावली असते आणि आपण तीच काढून घेतो.

क्नुट श्मिट-नील्सन नावाच्या शास्त्रज्ञाने 1950च्या दशकात सहारा वाळवंटात उंटांवर प्रयोग केले होते. लोकर कातरलेल्या उंटाचा अंग गार ठेवण्यासाठी होणारा पाण्याचा खर्च न कातरलेल्या उंटापेक्षा जवळपास दीडपट भरला. उंटाला घाम येतो, कुत्र्याला तसा येत नाही, हा फरक आहेच. पण उन्हात केस आड येऊन उष्णता अडवतात, ही गोष्ट दोघांना सारखीच लागू पडते.

‘पण झीरो मारल्यावर तो खरंच ताजातवाना होतो हो,’ असं मला बऱ्याच घरी सांगतात. त्यांचं पाहणं खोटं नाही. घरात एसी किंवा कूलर चालू असेल, हवा अंगापेक्षा गार असेल, तर उघड्या कातडीवाटे उष्णता लवकर बाहेर पडते आणि कुत्र्याला हलकं वाटतं. शिवाय बहुतेक वेळा मशीनसोबत किती तरी दिवसांची साचलेली मेलेली लवही निघून गेलेली असते. आराम मिळतो तो मुख्यतः त्या लवेच्या जाण्याने. तेवढी लव ब्रशनेही काढता येते आणि वरचे केस शाबूत राहतात.

सुरुवातीला नावं घेतली त्या जातींच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वर लांब, राठ केस आणि आत दाट, मऊ लव. उन्हाळा तोंडावर आला की ही लव गळते. गळते म्हणजे मुळापासून सुटते, पण वरच्या केसांत अडकून तिथेच बसते. तिच्यात धूळ बसते, तेल बसतं, आंघोळीचं पाणी राहतं, आणि कातडीपर्यंत वारा पोचेनासा होतो. कूलरच्या ताटीत माती आणि क्षार बसून हवा येईनाशी झाली, तर आपण ताटी धुतो किंवा बदलतो; ताटी काढून नुसती जाळी ठेवून कूलर चालवत नाही. कुत्र्याच्या अंगावरच्या केसांचंही हेच आहे. फक्त इथे ताटी बदलता येत नाही, साफच करावी लागते.

मशीनने सगळं उतरवलं की पुढे काय होतं तेही सांगते. लव लवकर वाढते, राठ केस सावकाश येतात. मग पूर्वी चमकणारी पाठ कापसासारखी गुंतणारी होते, तिच्यात काटे-कुसळं अडकतात. काही कुत्र्यांचे केस महिनोन्‌महिने येत नाहीत, ठिकठिकाणी चकत्या राहतात. थायरॉइडचा त्रास असलेल्या किंवा वयस्क कुत्र्यांना याचा धोका अधिक. कातडी उन्हाने भाजते ती वेगळीच. केसांखालची कातडी गुलाबी, पातळ असते, तिला ऊन माहीत नसतं. त्यातच मशीनचं ब्लेड चालता चालता तापतं. ते दर थोड्या वेळाने हाताला लावून पाहावं लागतं, बदलावं लागतं. घाईत असलेला माणूस हे करत नाही, आणि मांडीच्या आत, काखेत लालभडक चट्टे उठतात.

सरसकट सगळ्या कुत्र्यांना कात्री वर्ज्य आहे, असं मात्र मी म्हणत नाही. शिह त्झू, ल्हासा, माल्टीज, पूडल यांचे केस आपल्या डोक्याच्या केसांसारखे वाढतच राहतात, ते कापावेच लागतात. तरी कातडी दिसेपर्यंत नाही. बोटाच्या एका पेराएवढे ठेवावेत. जटा कातडीला चिकटल्या असतील, जखम असेल, डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर कुठल्याही जातीला मशीन लावावं लागतं. पोटाखालचे, जांघेतले केस बारीक केले तर फायदाच होतो, कारण फरशीवर पोट टेकून पडल्यावर कुत्रा तिथूनच गार होतो. अंगणात माती उकरून, त्या खड्ड्यात पोट घालून बसणारा कुत्रा तुम्ही पाहिला असेलच. त्याला रागावू नका.

ब्रशने काय होतं ते एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. मनीषनगरात एक जर्मन शेफर्ड आहे, सात-आठ वर्षांचा, स्वभावाने गंभीर. त्याच्या घरी एप्रिलमध्ये आम्ही सकाळी सहाच्या आत पोचतो. आधी पाणी लावायचं नाही, हा पहिला नियम. गुंतलेली लव भिजली की तिचा नमदा होतो. त्याला पोर्चमध्येच टेबलावर उभा करून कोरड्या अंगावर ब्लोअर सुरू करायचा, गरम हवा पूर्ण बंद ठेवून. माझा मदतनीस नाका-तोंडाला रुमाल बांधून मागच्या मांडीपासून सुरुवात करतो, कारण सर्वांत जास्त लव तिथे आणि शेपटीच्या मुळाशी साचते. हवेच्या झोताने केस फाकतात, भोवरा तयार होतो आणि भोवऱ्याच्या तळाशी कातडी दिसते. जिथे कातडी दिसत नाही, नुसतं राखाडी काहीतरी दिसतं, तिथे लव अडकलेली. मग लांब दात्यांचा रेक घ्यायचा, केसांच्या दिशेने, मनगट हलकं ठेवून ओढायचा. पहिल्या काही ओढींतच मूठभर लव येते, आणि थांबतच नाही. मानेभोवती, कानामागे, छातीखाली सावकाश जावं लागतं. तिथे ओढलं की दुखतं. तासाभराने पोर्चच्या कोपऱ्यात लवेचा एवढा ढीग होतो की घरातली आजी दरवेळी म्हणते, ‘अगं, यातून दुसरा कुत्रा होईल.’ मग मी त्या आजींची बोटं त्याच्या पाठीत घालायला लावते. बोटं सरळ कातडीला टेकतात. वरून पाहिलं तर कुत्रा तसाच रुबाबदार, केस जिथल्या तिथे.

त्यानंतर आंघोळ. आणि आंघोळीनंतर मुळापर्यंत कोरडं करणं, जे घरी बहुतेकांच्या हातून राहून जातं. वरून टॉवेल फिरवला, कुत्रा अंग झटकून मोकळा झाला, आत लव ओलीच. उन्हाळ्यात ती ओल गरम होते, पावसाळ्यात सुकतच नाही, आणि मग एका रात्रीत हाताच्या तळव्याएवढी जागा लाल, ओली, चिकट होऊन कुत्रा ती चाटून चाटून सोलून काढतो. रोज पाइपने भिजवणाऱ्या घरांत हे मी जास्त पाहते. माणसांचा शॅम्पू किंवा पाण्यात जंतुनाशक टाकून केलेली आंघोळ तर नकोच. कुत्र्याची कातडी आपल्यापेक्षा कमी आम्लधर्मी असते, ती कोरडी पडते, खाजते.

आता गाडीविषयी. सलूनमध्ये जाण्यापेक्षा गाडी दारात आलेली बरी, असं मी म्हणते त्यामागे माझा धंदा आहे हे उघड आहे, पण कारणही आहे. बेसा-पिपळ्याहून सदर किंवा धरमपेठेतल्या सलूनपर्यंत कुत्रा नेणं म्हणजे मे महिन्यात तापलेल्या कारमध्ये त्याला बसवणं. तिथे पिंजऱ्यात थांबणं, आजूबाजूला भुंकणारे आठ कुत्रे, अनोळखी वास. घाबरलेला कुत्रा धापा टाकतो, धापा टाकताना स्नायू राबतात आणि अंग आणखी तापतं. पग, शिह त्झू, बॉक्सर, बुलडॉग यांच्यासारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर आधीच श्वास पुरत नसतो. दारात आलेल्या गाडीत एका वेळी एकच कुत्रा, मालकीणबाई समोर उभ्या, आणि वेळ आपण ठरवू ती.

पण गाडीचा खरा उपयोग मला याहून मोठा वाटतो. सलूनवाल्याला कुत्रा दिसतो. मला त्याचं घर दिसतं. गच्चीवर टिनाच्या शेडखाली बांधलेला कुत्रा मला दिसतो. दुपारी दोनला पाण्याची वाटी कुठे असते आणि सावली कुठे सरकते, हे दिसतं. कुत्र्याला फिरवून आणायची वेळ सकाळी साडेनऊची आहे, हे त्याच्या पंजांवरून कळतं. नागपुरात आता बहुतेक मोठे रस्ते सिमेंटचे. ते सकाळी लवकर तापतात आणि रात्री उशिरापर्यंत गार होत नाहीत. आपण चप्पल घालून चालतो, तो उघड्या गाद्यांनी. गादीची कातडी सोललेली, कडेने फोड आलेले, आणि घरचे म्हणतात, ‘चालायचा कंटाळा करून राहिला आहे आजकाल.’ रस्त्यावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून पाहा. टेकवत नसेल तर कुत्र्याला बाहेर काढू नका. मे महिन्यात फिरणं सूर्य उगवायच्या आधी, आणि संध्याकाळचं फिरणं जेवणानंतर.

नळाचं पाणी ही आणखी एक गोष्ट. स्लॅबवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी किती तापतं हे नागपूरकराला सांगायला नको. आपण स्वतः मेच्या दुपारी त्या नळाखाली हात धुवायला कचरतो. तरीही ‘गरम होतंय म्हणून’ त्याच पाण्याचा पाइप कुत्र्यावर सोडलेला मी पाहिला आहे. अंगणात उन्हात पडलेल्या पाइपमधलं पहिलं पाणी तर चटका देणारं असतं. कुत्रा किंचाळून पळतो आणि पुढे जन्मभर पाण्याला घाबरतो, मग आम्ही आंघोळीला गेलो की ‘हा फारच हट्टी आहे’ असं आम्हाला सांगितलं जातं. पाइप आधी जमिनीवर सोडा, स्वतःच्या मनगटावर पाणी घ्या, मगच त्याच्या अंगावर.

आणि गोचीड. उकाडा वाढला की ते वाढतात. आपल्याकडच्या कुत्र्यांवर जो तपकिरी गोचीड असतो तो आयुष्याचा बराच काळ कुत्र्याच्या अंगावर नसतोच. तो कंपाउंडच्या भेगांत, कुंड्यांच्या मागे, पलंगाच्या सांध्यात असतो. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली पडते आणि अशा भेगेत हजारो अंडी घालते. म्हणून नुसता कुत्रा धुऊन गोचीड जात नाहीत. मी पंजांच्या बोटांमध्ये, कानाच्या घडीत, शेपटीखाली शोधते, चिमट्याने मुळाशी धरून सरळ ओढते आणि स्पिरिटच्या बाटलीत टाकते. चिरडत नाही, चिरडायला देतही नाही. पण गोचिडांचं औषध लावणं किंवा गोळी देणं हे ग्रूमरचं काम नाही. गुरांसाठीचं औषध अंदाजाने पाण्यात टाकून कुत्र्याला आंघोळ घालणारे लोक आहेत, आणि त्यातून विषबाधा होते. औषध डॉक्टर देतील, वजन पाहून देतील. ग्रूमरने एवढंच करावं: ओठ उलटून हिरड्या पाहाव्यात, फिकट दिसल्या, अंग तापलेलं वाटलं, दोन दिवस जेवला नाही असं कळलं, तर आंघोळ रद्द करून दवाखान्यात पाठवावं. गोचीडतापात उशीर जिवावर येतो.

गाडीची बाजू मी मांडली, तर गाडीचा धोकाही मांडला पाहिजे. गाडी म्हणजे पत्र्याची पेटी. उन्हात उभी असली की काही मिनिटांत आतलं तापमान झपाट्याने चढतं, काचा थोड्या खाली केल्याने विशेष फरक पडत नाही. आत ब्लोअर चालू, ओल्या केसांची वाफ कोंडलेली. हवेत दमटपणा भरला की कुत्र्याची धाप निकामी होते, कारण जिभेवरचा ओलावा वाफ होऊन जाईल कुठे? अशा गाडीत एसी बंद पडला आणि माणूस ‘पाच मिनिटांत उरकतो’ म्हणाला, तर ती पाच मिनिटं जीवघेणी ठरू शकतात. माझ्या गाडीत तापमान आणि दमटपणा दाखवणारा मीटर टेबलाच्या समोर लावला आहे. एसी गेला की दार उघडतं, कुत्रा खाली उतरतो आणि राहिलेलं काम पोर्चमध्ये पंख्याखाली होतं. एप्रिल-मेमध्ये मी सकाळी साडेदहानंतर कुत्रा टेबलावर घेत नाही. धंदा कमी होतो, होऊ दे. सणासारखी सुट्टी पाहून रविवारी दुपारची वेळ मागणाऱ्यांना मी हात जोडून नाही म्हणते.

उष्माघाताची चिन्हं प्रत्येक ग्रूमरला आणि प्रत्येक मालकाला ओळखता यायलाच हवीत. धाप थांबत नाही, लाळ घट्ट तारेसारखी येते, जीभ आणि हिरड्या विटेसारख्या लाल होतात, पाय लटपटतात, उलटी होते. अंगातला ताप 106 फॅरनहाइटच्या आसपास गेला की आतले अवयव धोक्यात येतात. त्या क्षणी अंगभर साधं पाणी ओतायचं, पोट आणि जांघा भिजवायच्या, पंखा लावायचा आणि ओल्या अंगानेच दवाखाना गाठायचा. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवायचा नाही, तो गरम होतो आणि उष्णता कोंडतो. शुद्धीवर नसलेल्या कुत्र्याच्या तोंडात पाणी घालायचं नाही.

हे सगळं मी दवाखान्यात शिकले. पण आज ग्रूमर व्हायला काही शिकावंच लागतं असं नाही, ही माझी मोठी तक्रार आहे. प्राण्यांवरच्या क्रूरतेला आळा घालणारा कायदा 1960चा. त्याखाली 2017 मध्ये श्वानपैदाशीचे आणि 2018 मध्ये पेट शॉपचे नियम आले. त्यांचा रोख पैदाशीवर आणि विक्रीवर. गाडीत मशीन ठेवून घरोघर फिरणाऱ्या माणसाला कुत्र्याचं तापमान किती असतं हे माहीत असलंच पाहिजे, असं त्यात कुठे येत नाही. ऑनलाइन एखादं क्लिपर मागवायचं, गाडीवर पंजाचं चित्र काढायचं, की झालं दुकान सुरू.

नागपूरला यात पुढाकार घेता येईल. महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय इथेच आहे. सेमिनरी हिल्सचं पशुवैद्यक महाविद्यालय 1958 पासूनचं, विदर्भातले लोक आपली जनावरं घेऊन तिथे येतात. त्या आवारात ग्रूमरसाठी दोन-तीन आठवड्यांचं सक्तीचं प्रशिक्षण व्हावं: कातडी, केस, उष्माघात, गोचीड, कुत्रा धरण्याची पद्धत आणि दवाखान्यात कधी पाठवायचं. शेवटी हाताने परीक्षा, आणि ते प्रमाणपत्र असल्याशिवाय महापालिकेने परवाना देऊ नये. गाडी असेल तर एसी, तापमानाचा मीटर आणि घाण पाण्याची वेगळी टाकी तपासूनच. माझ्यासारख्या जुन्यांनाही परीक्षा द्यायला लावावी. मी पहिल्या तुकडीत बसेन.

घाण पाण्याचं वेगळं सांगते, कारण शेजाऱ्यांशी भांडणं त्यावरूनच होतात आणि चूक बहुतेक वेळा आमच्या धंद्याची असते. बाहेरच्या लेआऊट्समध्ये उन्हाळ्यात टँकरवर पाणी येतं. तिथे कुत्र्याच्या आंघोळीसाठी दुसऱ्याच्या अंगणातला नळ वापरणं किंवा फेसाचं, केसाळ पाणी रस्त्यावर सोडणं हे लोकांना खुपतं, आणि खुपायलाच हवं. आधी कोरडं विंचरलं तर पाणी पुष्कळ कमी लागतं, हा ब्रशचा आणखी एक फायदा. पण सोसायट्यांनीही थोडं समजून घ्यावं. एका मोठ्या फ्लॅट स्कीममध्ये आमची गाडी गेटच्या आत घेत नाहीत. आम्ही बाहेर भर उन्हात उभे, आणि आत कडुनिंबाच्या सावलीत पाहुण्यांच्या पार्किंगची जागा सकाळभर रिकामी. ती सावली तासभर मिळाली तर एसीवरचा भार हलका होईल आणि कुत्र्याचा जीवही सुरक्षित राहील.

कुत्रा आणण्याआधीच विचार व्हावा, असंही मला वाटतं. हस्की सायबेरियाच्या बर्फात ओढगाडीला जुंपायचा कुत्रा. तो नागपुरात आणायचा आणि मग त्याला झीरो मारून उन्हाळा सुसह्य करायचा, हा उपाय नाही. जे आणून बसले आहेत त्यांनी एसीची खोली, पहाटेचं फिरणं आणि ब्रश हे तिन्ही आयुष्यभर द्यावं. ज्यांना अजून आणायचा आहे त्यांनी आपल्या गल्लीतलं एखादं पिल्लू घरी न्यावं. आखूड केसांचं, या उन्हात पिढ्यान्‌पिढ्या वाढलेलं ते पिल्लू माझ्या गाडीत फार क्वचित चढेल. मला त्याचा आनंदच आहे.

आणि गाडी बोलावणार असाल तर फोनवर तीन गोष्टी विचारा. कुत्रा न पाहता तो झीरो मारायला तयार आहे का? असेल तर फोन ठेवा. ब्लोअर गार हवेवर चालवणार का? आणि तुमच्या गाडीत आत्ता, या मिनिटाला, किती तापमान आहे? ज्याला मीटर पाहून आकडा सांगता येत नाही, त्याच्या गाडीत आपला कुत्रा चढवू नका.